बसलेला बैल उठताना बघावा

माझे सासरे कुठल्याही यंत्राला चालू करण्याआधी त्याच्या पाठीवर थाप मारायचे. स्कूटर असो, पाण्याची मोटर असो, नाही तर माझा मिक्सर. थाप मारायची, ‘हां बाबा’ म्हणायचं आणि मग बटण दाबायचं. लग्न होऊन मी लातूरहून नांदेडला आले, तेव्हा पहिल्याच सकाळी त्यांना मिक्सरची समजूत घालताना पाहिलं आणि आपण कुठल्या घरात येऊन पडलो, असं मला झालं. मग कळलं, अण्णांची सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात गेलेली. माणसांशी ते अर्ज लिहिल्यासारखं बोलायचे. जनावरांशी आणि यंत्रांशी मात्र अगदी घरच्यासारखं.

लोहा गावच्या बाजारात बैल घ्यायला निघालेला माणूस अण्णांना हटकून सोबत न्यायचा. तिथे त्यांचं एकच म्हणणं असे. “चालत्या बैलाला कुणीबी चांगलंच म्हणतंय. बसलेला उठताना बघावा. गुडघ्यावर किती रेंगाळतोय, तितं त्याचं खरं-खोटं कळतंय.” हा नियम त्यांनी बैलांपुरता ठेवला असता तर ठीक होतं. मला बघायला आले तेव्हा बाकीच्यांनी शिक्षण, स्वयंपाक वगैरे रीतसर विचारलं. अण्णांनी विचारलं, “सकाळी उठता कधी?” मी वैतागून खरं ते सांगितलं, आठला. माझी आई पदर तोंडाला लावून बसली. अण्णा खूश होऊन म्हणाले, “उशिरा उठती, पण खोटं बोलत न्हाई. जमलं आपलं.”

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. सीटा काढून आत पलंग बसवला, छोटी शेगडी ठेवली, खिडक्यांना आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, जुन्या साड्यांचे पडदे लावले. नोकरीत ज्या ज्या गावी राहिले ती गावं आईंना दाखवायची, असा बेत होता. मुलांच्या शाळेपायी आई कधी नांदेड सोडून गेल्याच नव्हत्या. एक हिवाळा दोघं मजेत हिंडली. पुढच्या उन्हाळ्यात आईंना उष्माघात झाला. दवाखान्यातून परत आल्या त्या जेमतेमच. यापुढे ऊन अजिबात नको, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून होळी झाली की पाऊस पडेपर्यंत आई एसीच्या खोलीत, आणि गाडी लिंबाखाली.

अशात जळकोटहून निरोप आला. आईंच्या धाकट्या भावाच्या, गौतममामांच्या मुलीचं, सुजाताचं लग्न ठरलं होतं, तेही भर मे महिन्यात. त्यांची आई लवकर वारल्यामुळे या भावाला आमच्या आईंनीच कडेवर वाढवलं होतं. निरोप ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, “मी न्हाई येत. तुमी जाऊन या,” आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. अण्णा उठले, बाहेर गेले आणि लिंबाखालच्या गाडीवर थाप मारली.

आठवड्याभरात गाडीच्या मागच्या बाजूला घरातल्यासारखा एसी बसला. लग्नाच्या दारात गाडी उभी करायची, आईंनी आत गारव्यात पडून राहायचं आणि फुलांच्या पाकळ्या पडायच्या वेळी दार उघडायचं, असं ठरलं. पण उभ्या गाडीतला एसी चालवायला वीज हवी, आणि उन्हाळ्यात मामांच्या गल्लीतली वीज येण्यापेक्षा जाण्यासाठीच प्रसिद्ध. म्हणजे जनरेटर घेणं आलं. आमचे हे म्हणाले, “अण्णा, मोबाइलवर बघून मागवून टाकू.” अण्णांनी त्यांच्याकडे कीव येऊन पाहिलं. “फोटू बघून बैल घेतोस का रे?”

मग रोज सकाळी ऊन चढायच्या आत आमची वरात निघायची. गाडीत आई आणि मी, समोर अण्णा, स्टिअरिंगवर हे. पहिल्या दुकानदाराने आपल्या जनरेटरवर बल्बांची माळ पेटवून दाखवली. अण्णा म्हणाले, “ही मोकळी गाडी झाली हो. एसी लावा.”

“साहेब, एवढा एसी आरामात चालतो. कागदावर लिहिलेलंच आहे.”

“चालल्यावरचं नका सांगू. चालू होताना किती ओढतोय?”

कॉम्प्रेसर सुरू होताना दुप्पट-तिप्पट ओढतो, हे त्याने मग हळूच कबूल केलं. एसी लावला. पंखा फिरला, कॉम्प्रेसरने हिसका दिला आणि जनरेटर एक उचकी देऊन गप्प झाला. दुकानदाराचा चेहरा पडला. अण्णांनी जनरेटरच्या पाठीवर थोपटलं. “ऱ्हाऊ दे बाबा. तुझं वय न्हाई अजून.”

दुसऱ्या दुकानात मांडववाले नेतात तसला उघडा, दांडगा जनरेटर होता. त्याने एसी हसत ओढला, पण आवाज असा की समोरच्या हॉटेलातली माणसं चहा सोडून बाहेर आली. गाडीच्या खिडकीतून आईंचा हात बाहेर आला आणि आडवा हलला. आईंचे निकाल हातानेच लागायचे. हात आडवा हलला की नाही, तळवा वर उचलला की चालू द्या. त्या दिवशी मात्र तोंडानेही बोलल्या, “ह्याच्यापरीस ऊन बरं.”

तिसरा जनरेटर पेटीतला होता, चाकांचा, हळू आवाजाचा. अण्णा त्याच्याभोवती दोनदा फिरले. “लई शांत हाय. एवढं शांत जनावर एक तर गुणाचं असतंय, न्हाई तर आजारी.” एसी लावला. आवाज एकदम खाली गेला, पेटी थरथरली. अण्णा त्या भर दुकानात गुडघ्यावर बसून कान देऊन ऐकू लागले. मग आवाज सावरला आणि एकसारखा झाला. अण्णांचा चेहरा उजळला. “रेंगाळला, पण उठला!” पुढे त्यांनी त्याला इतक्या वेळा बसवलं-उठवलं, की शेवटी दुकानदाराने चहा मागवला. खिडकीतून तळवा वर आला आणि सोयरीक पक्की झाली.

लग्नाच्या दिवशी गाडी मांडवाला लागून उभी राहिली. जनरेटर अण्णांनी लांब वायर टाकून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवला. “जनावर काय उशाला बांधतेत व्हय? धूर आत गेला तर जीव जाईल.” सगळ्यांचे जयभीम घेत ते तिथेच खुर्ची टाकून बसले.

अण्णांच्या बेतात एकच गोष्ट धरलेली नव्हती, ती म्हणजे आईंचं माहेर. मांडवातली वीज गेली मात्र, एकेक जण गाडीत यायला लागला. आधी दोन म्हाताऱ्या मावश्या, मग लेकुरवाळ्या, मग मेकअप वितळतोय म्हणून खुद्द नवरी. दार सारखं उघडत होतं आणि बाहेरून अण्णा ओरडत होते, “अगं दार लावा, तो काय सगळ्या गल्लीला गार करणार व्हय!” आत पलंगावर आई बसलेल्या, पायाशी सगळं माहेर दाटीने बसलेलं. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात गौतममामा घाम पुसत अण्णांकडे आले. “दाजी, माईक बंद पडलाय. मागच्या माणसांना काईच ऐकू येत न्हाई. जरा तुमचा जनरेटर...”

“न्हाई,” अण्णा म्हणाले. “दोन्ही ओढायला लावलं तर दोन्ही बसतील. अन् हिला काई झालं म्हंजे?”

खिडकीतून आईंचा हात बाहेर आला. तळवा वर होता.

अण्णांनी पहिल्यांदा न पाहिल्यासारखं केलं. हात तसाच राहिला. मग त्यांनी एसीची वायर काढली आणि माईकची लावली. पंचा ओला करून खिडकीशी आले आणि त्रिशरणापासून शेवटच्या पाकळ्या पडेपर्यंत बाहेर उन्हात उभे राहून तो पंचा आईंच्या तोंडासमोर हलवत राहिले. आतल्या बायका पदराने वारा घालत होत्या. आईंचा चेहरा लाल झाला होता आणि भाचीला दिलेली वचनं माईकवरून ऐकताना त्या एकेक शब्द ओठात म्हणत होत्या. लग्न लागताच अण्णा धावले, वायर बदलली, थाप मारली. भर दुपारच्या त्या उन्हात पेटी थरथरली, रेंगाळली आणि उठली. अण्णा मात्र मटकन खुर्चीत बसले.

पुढे त्या जनरेटरची सरबराई सुरू झाली. पोळ्याला त्याचं ऑइल बदललं जाई. मी चिडवलं की म्हणत, “पूजाबिजा आपण करीत न्हाई, सूनबाई. पण ऑइल बदलायला कुणाची ना हाय?”

गेल्या थंडीत अण्णा झोपेतच गेले. ज्याने जन्मभर सगळ्यांच्या उठण्याची परीक्षा घेतली, तो माणूस स्वतः न उठताच गेला, याचा मला अजून राग येतो. खूप येतो. मिक्सर लावताना तर फारच.

आणि आई बसल्या. थंडीतही खोलीबाहेर येईनात. या मे महिन्यात सुजाताच्या बाळाचं नाव ठेवायला जळकोटचं बोलावणं आलं. “मी न्हाई येत,” म्हणाल्या आणि भिंतीकडे वळल्या.

मी बाहेर गेले. जनरेटरवरची गोधडी काढली, पेट्रोल भरलं, दोरी ओढली. काही नाही. ओढून ओढून खांदा भरून आला. मी त्या पेटीला लातूरच्या चार शिव्या दिल्या. मागून, खोलीच्या खिडकीतून आवाज आला.

“अगं, आधी थाप मार की त्याला.”

कुणी बघत नाही ना, हे मी आधी पाहिलं. मग थाप मारली आणि ‘हां बाबा’ म्हणाले. दोरी ओढताच तो सुरू झाला. गाडीतल्या एसीची वायर जोडली, तसा भार पडला, आवाज खाली गेला. मी नकळत गुडघ्यावर बसून कान दिला होता. तो सावरला.

आत गेले तर आई पलंगाच्या कडेला पाय सोडून बसल्या होत्या. मला बघून त्यांनी दोन्ही हात गादीवर रोवले आणि जोर केला. गुडघे कुरकुरले, त्या अर्ध्यावरच थांबल्या. हात द्यायला मी पुढे झाले आणि दारातच थबकले. अण्णा नेहमी म्हणायचे, उठणाऱ्याला ओढू नये, नुसतं बघावं.

बराच वेळ रेंगाळल्या. मग उठल्या.