अठ्ठेचाळीस आकडे

"मनाचं नको. जे आहे ते वाच."

एवढं म्हणून काका डोळे मिटून घ्यायचे. कानावरची पेन्सिल हातात, पुढ्यात पाठकोरे कागद, आणि तुमचा बंद पडलेला लॅपटॉप तुमच्याच मांडीवर. दुसऱ्याच्या कीबोर्डला त्यांनी कधी बोट लावलं नाही. वाचायचं तुम्ही, मोठ्याने, टिंब-रेघसुद्धा न गाळता. जरा थांबलात की डोळे न उघडता विचारणार, "पुढे?"

तुम्ही म्हणाल हा काय प्रकार. काका गिरगावातल्या एका छापखान्यात कॉपी वाचायला होते. म्हणजे मुद्रितं तपासणाऱ्यासमोर बसून मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, स्वल्पविराम, कंस, सगळं तोंडाने म्हणायचं. छापखान्यात कॉम्प्युटर आले तेव्हा बाकीच्यांनी नाकं मुरडली, हे शिकले. पुढे छापखाना बंद पडला आणि ही विद्या उरली. आजूबाजूच्या चार चाळींतले लॅपटॉप त्यांच्याकडे यायचे.

एकदा आमच्या मजल्यावरचे एक साहेब रिकाम्या हाताने गेले. म्हणाले, "मशीन सुरू होत नाही, काहीतरी एरर येतो." काका म्हणाले, "काहीतरी नावाचा एरर मी अजून पाहिला नाही. घरी जा, लिहून आणा." साहेब तणतणत घरी आले, लिहायला बसले, तेव्हा त्यांना दिसलं की पेनड्राइव्ह तसाच लावलेला आहे आणि मशीन बिचारं तिकडूनच सुरू व्हायला बघतंय. महिनाभर ते काकांशी बोलत नव्हते.

मी मात्र त्यांच्याकडे गेले ती रडतच.

माझी नोकरी जाऊन पाच महिने झाले होते. घरात त्यावरून कोणी टोकत नव्हतं. आई पोळीवर जरा जास्तच तूप घालायची आणि मला तेच सहन व्हायचं नाही. लोअर परळच्या एका कंपनीत दोन फेऱ्या पार पडल्या. तिसऱ्या फेरीला त्यांनी आठ दिवसांचं काम दिलं, शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत पाठवा म्हणाले. काम गुरुवारीच झालं होतं. शहाण्या माणसाने ते तेव्हाच पाठवलं असतं. मी म्हटलं, सकाळी एकदा नजर फिरवू.

आणि त्यांच्या फॉर्मवर एक प्रश्न होता: लिनक्स वापरता का? खोटं "हो" लिहवेना. म्हटलं, विंडोजच्या शेजारी लिनक्स घालून टाकू, तासाभराचं तर काम. व्हिडिओतला मुलगा हसतहसत करत होता.

आता माझी अक्कल बघा. लिनक्स घालायला पेनड्राइव्ह लागतो. घरात एकच होता, तो पुसून वापरला. माझ्या कामाची दुसरी प्रत होती ती त्याच पेनड्राइव्हवर! मग व्हिडिओ म्हणाला सुरक्षेचं एक सेटिंग बंद करा, ते केलं. लिनक्स घातलं. मशीन पुन्हा सुरू केलं, यादीतून विंडोज निवडलं, आणि समोर निळा पडदा: अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली द्या. अहो, कसली किल्ली? मी जन्मात कधी कुलूप लावलं नव्हतं.

सेटिंग परत चालू करून पाहिलं, तेच. व्हिडिओखाली कोणीतरी लिहिलं होतं, सगळं पुसून नव्याने घाला, पाच मिनिटांत सुटाल. देवाशपथ सांगते, माझं बोट तिथवर गेलं होतं. शुक्रवार दुपारचे साडेबारा झाले होते. लॅपटॉप ओढणीत गुंडाळून पलीकडच्या गल्लीत धावले.

काका जेवून आडवे झाले होते. उठून बसले, पेन्सिल घेतली. "वाच."

"काका, सगळं गेलं. काम गेलं, नोकरी गेली..."

"नोकरी गेली असं स्क्रीनवर आहे?"

"नाही."

"मग मनाचं नको. जे आहे ते वाच."

वाचलं. शेवटी म्हटलं, "बस, एवढंच. खाली बारीक अक्षरात कसलातरी नंबर आहे."

"त्याने काय घोडं मारलंय? वाच."

मी वाचला, त्यांनी पहिली आठ अक्षरं लिहून घेतली. "ही किल्ली नव्हे, हे किल्लीचं नाव. असले लॅपटॉप आपणहून कुलूप लावतात आणि किल्ली मालकाच्या खात्यात ठेवतात. तू सेटिंग बदललंस, त्याला वाटलं चोर आला. पहिल्यांदा कोणाच्या ईमेलवर सुरू केला होता?"

मी कपाळावर हात मारला. आमच्या घरात गॅस, लाइट बिल, आईची औषधं, तीन लॅपटॉप, सगळं वहिनीच्या ईमेलवर. कारण पासवर्ड लक्षात ठेवणारी घरात ती एकटीच.

आणि वहिनी हिंदमाताला साड्यांच्या दुकानात काउंटरवर. लग्नसराई. फोन उचलेल तर शपथ. एक वाजला, दोन वाजले. मेसेज केले, दादाला फोन केला, दादा म्हणे मीटिंगमध्ये आहे. काका शांत बसून कागदावर आठ चौकोन आखत होते. माझं डोकं सणकलं.

"काका, एखादा शब्द गाळला, अंदाजाने वाचला, तर काय आभाळ कोसळतं हो?"

ते रागावले नाहीत. म्हणाले, "एकदा वाचला होता. निधनाची जाहिरात होती. गेल्याची तारीख वाचली आणि पुढचा कार्याचा दिवस मनानेच तेराव्याचा मोजून वाचला. कागदावर बाराव्याचा होता, त्यांच्याकडे बाराव्यालाच करतात. तसंच छापलं गेलं. त्या दिवशी ती माणसं पानं मांडून बसली होती, कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळे आले. त्यांचा मुलगा छापखान्यात आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसता बघत बसला."

तेवढ्यात फोन वाजला. साडेतीन.

"अगं काय पेटलंय का? सतरा मिस्ड कॉल!" वहिनी. मागून गिऱ्हाइकांचा गलका.

फोन स्पीकरवर टाकला. तिने दुकानाच्या माळ्यावर जाऊन खातं उघडलं. तिथे तीन किल्ल्या निघाल्या, तीन लॅपटॉपच्या. मी ओरडले, "वहिनी, वरची वाच!"

"थांब," काका म्हणाले. "सूनबाई, प्रत्येक किल्लीचं नाव वाचा आधी." आमची तिसरी निघाली. नावावाचून आम्ही चुकीच्या दाराशी आकडे घालत बसलो असतो.

मग वहिनी सहा-सहा आकडे वाचायला लागली. काका ते परत म्हणून दाखवत, चौकोनात लिहीत आणि कागदावर अकराने भागत. मी घड्याळाकडे बघत होते. हा माणूस आता गणितं काय सोडवतोय!

"चौथ्याला भाग जात नाही. सूनबाई, पुन्हा वाचा. प्रत्येक सहा आकड्यांना अकराने पुरता भाग जायला हवा."

वहिनीने पुन्हा वाचलं. एक आकडा घाईत चुकला होता. "हे कोण आहेत गं?" ती हळूच म्हणाली. सगळ्या गिरगावाला ऐकू गेलं.

मी आकडे घातले. काकांनी मोठ्याने वाचले, मी दाबले. पडदा काळा झाला. आणि विंडोज उघडलं. माझी फाइल जागच्या जागी होती. मला हुंदका फुटला.

"रड हो, पण नंतर. आधी पाठव."

"आणि फॉर्मवर काय लिहू? लिनक्स?"

"घातलंय, अजून येत नाही."

तसंच लिहिलं. पाच वाजायच्या आत पाठवलं. दारापर्यंत येऊन काका म्हणाले, "काय होतं ते कळव हो."

नोकरी मिळाली. तिसऱ्या आठवड्यात पत्र आलं. मी चपला घालून निघालेही होते, आईने दारात हात धरला. "सहा महिने कच्ची आहेस. पक्कं पत्र हातात येईपर्यंत कोणाला अवाक्षर बोलायचं नाही. मागच्या वेळी पेढे वाटलेस आणि काय झालं?" मी शिकलेली मुलगी, पण खरं सांगते, मलाही भीती वाटली. वर्षाच्या आत दोनदा नोकरी गेली तर? मी चपला काढल्या.

काका दोनदा रस्त्यात भेटले. दोन्ही वेळा विचारलं, "आलं का काही?" आणि दोन्ही वेळा मी त्यांच्या तोंडावर म्हटलं, "अजून नक्की काही नाही, काका." हातात ऑफिसचा डबा होता. त्यांनी डब्याकडे पाहिलं नाही. "होईल, होईल," म्हणाले.

पक्कं पत्र आलं त्याच संध्याकाळी पाव किलो पेढे घेऊन गेले. दाराला कुलूप. समोरच्या खोलीतल्या काकू बाहेर आल्या. "ते गेले गं. पुतण्या अंबरनाथला घेऊन गेला होता, तिकडेच गेले. महिना झाला." मग मला निरखून म्हणाल्या, "तू ती लॅपटॉपवाली का? थांब."

आतून त्यांनी एक जाड पाकीट आणलं. आत वर्तमानपत्रांची कात्रणं होती, नोकऱ्यांच्या जाहिरातींची. प्रत्येकावर पेन्सिलीने शेवटची तारीख. पहिलं कात्रण मी नोकरीला लागल्यानंतरच्या महिन्यातलं होतं, शेवटचं त्यांना अंबरनाथला नेलं त्या आठवड्यातलं.

"पोरगी संकोचते, रस्त्यात देत नाही, घरी आली की देईन म्हणायचे," काकू म्हणाल्या. "मिळाली का गं कुठे?"

"मिळाली," मी म्हटलं. "सहा महिने झाले."