भाऊजी उलटे फिरत नाहीत

व्यायामाने स्वतःची तब्येत सुधारलेली माणसं अमरावतीपासून अकोल्यापर्यंत पुष्कळ सापडतील, पण व्यायामाने ओळखीतल्या झाडून सगळ्यांना चक्रावून सोडलेला माणूस एकच, आमचे भाऊजी. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान अकोल्यात जन्मभर गणित शिकवून निवृत्त झाले. ताईला जाऊन दोन वर्षं झाली, मुलगी सासरी शेंदूरजनाघाटला, त्यामुळे महिन्यातून एकदा अमरावतीहून जाऊन त्यांची खबर घेणं माझ्याकडे आलं आहे. दर खेपेला मी जातो त्यापेक्षा जास्त गोंधळून परत येतो.

वर्षानुवर्षं त्यांचा व्यायाम एकच होता, कॉलनीच्या मैदानाला रोज सकाळी एकवीस फेऱ्या. वीस नाही, बावीस नाही. यंदा उजवा गुडघा कुरकुरू लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "सर, एकच एक व्यायाम किती वर्षं करसान? बदलत जा. शरीराले थोडं चकवत राहा." झालं! भाऊजींनी त्याच दिवशी स्वयंपाकघरात फळा टांगला आणि त्यावर सात वारांचं वेळापत्रक आखलं. सोमवारी सायकल, मंगळवारी आसनं, बुधवारी गच्चीवर दोरीच्या उड्या. पहिल्याच सोमवारी ते अकोटच्या रस्त्याला लागले ते दम संपेपर्यंत गेले, आणि सायकलीसकट कापसाच्या गाडीत बसून घरी आले. बुधवारच्या उड्यांनी खालच्या भाडेकरूंच्या देवघरातले देव आडवे झाले. पुढे तर जिना उलट्या पावली उतरायचा, भाजी डाव्या हाताने हलवायची, इथवर मजल गेली. "आपण काय करून राहिलो हे शरीराले समजलंच नाही पायजे," ते मला म्हणाले. त्यांच्या शरीराचं माहीत नाही, पण मला तरी काही समजेनासं झालं होतं. फोनवर काय चाललंय विचारलं तर म्हणत, "थांब, फळा पाहून सांगतो."

शनिवारी मात्र मैदान होतं, आणि तिथे घोडं अडलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "एकाच बाजूनं वळून वळून एकाच गुडघ्यावर भार येऊन राहिला. फेऱ्या उलट्या बाजूनं मारा, नाही तं गुडघा जाईन." बाकी सगळं ऐकणारे भाऊजी याला साफ नाही म्हणाले. जिना उलट्या पावली उतरणारा माणूस मैदानाला उलटी फेरी का मारत नाही, हे कोडं कोणालाच सुटेना. मी आपला समजलो, प्रदक्षिणेची सवय असेल. पण दसऱ्याखेरीज देवळाची पायरी न चढणाऱ्याला प्रदक्षिणेचं कसलं सोयरसुतक?

गेल्या महिन्यात एका शनिवारी गुडघा दुमडून ते मैदानावरच कोसळले, आणि बराच वेळ कोणाच्या लक्षातही आलं नाही. मुलीला हे पुढच्या शुक्रवारी कळलं, तेव्हा तिने रडत फोन केला, "मामा, तुमीच समजवा बाबांले. मले लय भेव वाटते." मी तडक अकोल्याला गेलो आणि चिडूनच विचारलं, "भाऊजी, काहून असं करता? कायची जिद आहे ही?"

 ते म्हणाले, "तुही ताई उलट्या बाजूनं फिरे. माह्या चालीनं तिले चालणं होत नव्हतं. म्हणे, तुमी तिकून या, मी इकून येईन, हर फेरीले भेट तं होईन." एवढं बोलून ते फळ्याकडे पाहत बसले. मला वाईट वाटलं, आणि चिडल्याची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मी म्हणालो, "आज तुम्ही ताईच्या बाजूनं फिरा, तुमच्या बाजूनं मी येतो." कसेबसे तयार झाले. तीन फेऱ्यांत भेटलो तेव्हा नुसती मान हलवली. चौथ्या फेरीला दक्षिणेकडच्या मोकळ्या पट्टीवर कपाळावर हात धरून थांबलेले दिसले. गुडघा गेला असं समजून मी धावलो. गुडघा शाबूत होता, पण उगवतीचं ऊन थेट त्यांच्या तोंडावर येत होतं. त्यांच्या नेहमीच्या बाजूने गेलं की उगवतीकडे तोंड असतं तेव्हा उत्तरेकडच्या पट्टीवरच्या कडुनिंबांची सावली मिळते, आणि या पट्टीवर ऊन पाठीवर असतं.

"बापू," ते म्हणाले, "इकून ऊन डोळ्यात येते रे. इतके वर्षं तिच्या डोळ्यात येत असन. मले एकदाही सांगतलं नाही तिनं."

मी त्यांना दुसऱ्या बाजूने वळवायला हात धरला. त्यांनी तो हळूच सोडवला आणि उन्हाकडे तोंड करून चालू लागले.