बोडी शिवेबाहेर गेली

सत्तरच्या दशकाच्या शेवटाला मी जमीन मोजणीच्या एका कचेरीत अनुरेखक म्हणून लागलो. अनुरेखक म्हणजे जुन्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून नवा नकाशा उतरवणारा. वरठीहून सायकलनं जायचं, काचेच्या टेबलावर दिवसभर वाकायचं आणि दुखरी मान घेऊन परत यायचं. गावं मी नकाशात शेकड्यानं पाहिली, प्रत्यक्षात फार थोडी.

आमचं मुख्य काम होतं शीव बसवणं. पूर्वी प्रत्येक गावाची मोजणी वेगळी झालेली, त्यामुळे शेजारच्या दोन गावांचे नकाशे जोडून ठेवले की मधली हद्द कधी जुळतच नसे. कुठे फट राही, कुठे एक गाव दुसऱ्यावर चढे. कापडावरचे जुने नकाशे तर आक्रसून पार बिघडलेले. साहेबांचा दंडक असा की दोनपैकी चांगल्या स्थितीतला नकाशा पक्का धरायचा आणि दुसऱ्याची रेष उचलून त्याच्या जवळच्या रेषेवर नेऊन बसवायची. फरक थोडका असेल तर जागेवर जायची गरज नाही. माझा हात साफ होता आणि मला त्याचा माजही होता. मी बसवलेली शीव साहेब बोट फिरवून बघत आणि काही न बोलता सही करत. आता म्हणे संगणकावर ही रेष आपोआप जवळच्या रेषेला जाऊन चिकटते. चिकटू दे. जवळची रेष आणि खरी रेष यांत फरक असतो, हे त्याला कुणी सांगितलंय की नाही, देव जाणे.

लाखांदूरकडच्या दोन गावांची शीव माझ्याकडे आली. एकाचा नकाशा चिंधी झालेला, दुसऱ्याचा धडधाकट. धडधाकट नकाशावर त्या जागी दोन फिकट रेषा होत्या, जवळजवळ आणि सारख्याच बारीक. चिंधीतली हद्द आक्रसून आत सरकली होती, म्हणून ती अलीकडच्या रेषेला जास्त जवळ होती. मी तिथे बसवली. पलीकडची रेष पाण्याची कड असेल असं मनाशी ठरवून टाकलं. दुपारच्या जेवणाच्या आत काम उरकलं.

तीन-चार वर्षांनी, ज्याचा नकाशा चिंधी झाला होता त्या गावचा एक शेतकरी एसटीनं कचेरीत आला. साठीचा, धोतर-बंडीतला, हळू बोलणारा. सगळ्यांनी हात झटकत त्याला माझ्या टेबलापर्यंत आणून सोडलं.

"साहेब, मले जरा दाखवा जी, माही बोडी कोठी हाये?"

बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायला खणलेलं लहान तळं. ती त्याच्या बापानं खणली होती आणि तिच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, त्याच्या चार बांध्या, धानाची शेतं, होती. आता नव्या नकाशात बोडी पलीकडच्या गावात दिसत होती आणि त्या गावानं इंजिन लावलं होतं.

"ते पाणी ओढून राहिले जी. माह्या बांध्या फाटून राहिल्या. काही म्हटलं तं नकाशा दाखवते."

मी दोन्ही जुने नकाशे काढले, काचेखालचा दिवा लावला आणि त्यानं सांगितलेली पाळ मनात धरून त्या दोन रेषा पुन्हा बघितल्या. पलीकडची रेष हीच शीव होती. मी शीव बसवली होती ती बोडीच्या पाळीवर. पाळीच्या आतली सगळी बोडी मी एका दुपारी दुसऱ्या गावाला देऊन टाकली होती. हे लिहून द्यायचं तर माझी चूक लिहावी लागली असती, आणि साहेबांच्या सहीची. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. तो माझ्या तोंडाकडे बघत उभा होता, नकाशाकडे नाही.

"नकाशा बरोबर आहे," मी म्हणालो.

त्यानं हुज्जत घातली नाही. दोन्ही नकाशे मी गुंडाळेपर्यंत थांबला, मग नमस्कार करून गेला. पुढे मी कायम झालो. मला त्या माणसाच्या आठवणीनं लाज वाटायची, आणि खरं सांगायचं तर रागही यायचा, की हा असा लगेच ऐकून गेला कसा. दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी एका मोजणीसाठी मला त्याच गावात पाठवलं. काम संपल्यावर माझी पावलं त्या बांध्यांकडे वळली. धानाच्या रोवणीचे, रोपं लावायचे दिवस होते. चारांपैकी दोन बांध्या पडीत होत्या. तो धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसला होता, खूप वाळलेला. त्यानं मला ओळखलं, घरी नेलं, चहा दिला. आता सांगून टाकू, असं मी मनाशी म्हणत होतो. कशीबशी सुरुवात केली, "त्या बोडीचं..."

"झालं जी ते," तो म्हणाला. "तुमी सांगतलं, मंग मी लय इचार केला. सरकारचा नकाशा खोटा कायले बोलन? माह्या बापानंच दुसऱ्याच्या शिवेत बोडी खंदली असन. मी त्या गावात गेलो, पाच लोकायसमोर हात जोडले. म्हटलं, बापाकडून चूक झाली."

माझ्या हातात कप होता. सांगायचं ते सगळं तोंडाशी आलं होतं आणि मी उरलेला चहा पिऊन टाकला.

"रोवणीच्या पयल्या दिवशी बापाच्या नावानं पाळीवर नारळ फोडत होतो," तो म्हणाला. "ते बंद केलं. चोरीच्या जाग्यावर कायले फोडू?"