स्वखुशीने

माझ्या बाबांच्या कमरेला दोर बांधला होता. दोराचं दुसरं टोक पाटलाच्या मुलाच्या हातात होतं. पुढे ढोल वाजत होता. बाबांच्या डोक्याला, तोंडाला, सदऱ्याला गुलाल फासलेला. मी तेव्हा तिसरीत होते. बंधाऱ्याजवळ आमच्या लोकांनी कुठे उभं राहायचं ती जागा ठरलेली होती. तिथे आईचं लुगडं धरून उभी होते.

बाबांना बंधाऱ्यावर नेलं आणि पाण्यात उतरवलं. पाणी गळ्याला लागत होतं. बाबांना पोहता येत नव्हतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. पाटलाच्या मुलानं वाकून त्यांचं डोकं धरलं आणि पाण्यात दाबलं. एकदा बुडवून सोडायची रीत होती. त्यानं सोडलं नाही. दाबूनच धरलं. लोक हसायला लागले. मागून कोणीतरी म्हणालं, "ऱ्हाऊ दे जराखा, औंदा पानी जास्ती जोयजे." मग आणखी हसले.

बाबा वर आले तेव्हा त्यांच्या नाकातोंडातून पाणी येत होतं. त्यांना खोकल्याची ढास लागली. खोकता खोकता त्यांनी हात जोडले. ज्यानं बुडवलं त्यालाच. मग थोरल्या पाटलानं वरून एक नारळ आणि धोतर त्यांच्या ओंजळीत टाकलं. दिलं नाही. टाकलं.

आमच्या शाळेचे गुरुजी पुढे आले. दरवर्षी तेच बोलायचे. "यांच्या पूर्वजाने हा बंधारा टिकावा म्हणून स्वखुशीने आपला जीव दिला. त्याचा हा मान."

टाळ्या वाजल्या.

स्वखुशीने. हा शब्द मी पहिल्यांदा तिथे ऐकला.

आमचं गाव धुळ्याच्या पश्चिमेला, नदीच्या काठावर. नाव सांगत नाही. अशी गावं खूप आहेत. नदीवर जुना दगडी बंधारा. त्यातून पाट निघतो आणि पाटाच्या पाण्यावर सगळ्या गावाची शेती. ऊस, गहू, कांदा. गावात अशी गोष्ट सांगतात की फार पूर्वी बंधारा बांधला की वाहून जायचा. पुन्हा बांधला की पुन्हा वाहून जायचा. मग एक महार पुढे आला. म्हणाला, मला घ्या. त्याला बंधाऱ्याच्या पायात चिणलं. बंधारा टिकला. तो महार आमच्या घराण्यातला. म्हणून दरवर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी बंधाऱ्याची डागडुजी झाली की आमच्या घरातल्या एका पुरुषाला दोर बांधून न्यायचं आणि बुडवून काढायचं.

आम्ही बौद्ध. आजोबांनी धम्म घेतला, घरातले देव नदीत सोडले. पण हा मान त्यांना सोडता आला नाही. पाट पाटलाच्या हातात. आमचा जमिनीचा तुकडा पाटाच्या टोकाला.

दुसऱ्या दिवशी शाळेत पोरांनी मला पाण्याच्या टाकीजवळ गाठलं. एकानं वेणी धरली, दुसऱ्यानं मान वाकवली आणि माझं तोंड टाकीत बुडवलं. "मान, मान," म्हणून ओरडत होती. गुरुजी व्हरांड्यात उभे होते. ते म्हणाले, "सोडा रे. मान तिच्या घराण्याचा आहे म्हणून काय रोज द्यायचा का?"

त्यांना ती गंमत वाटली. माझ्या नाकात पाणी गेलं होतं. कपाळ आतून जळत होतं. मी घरी आले.

घरी आजी अंगणात शेंगा फोडत बसली होती. माझे ओले केस बघून तिनं विचारलं. मी सांगितलं. म्हटलं, "आजी, आपला मान शे ना तो? बाबा म्हनतस."

आजीनं सूप बाजूला ठेवलं.

"हाऊ मान नही शे, माय," ती म्हणाली. "तो गया नही. त्याले लई गयात."

मग त्याला कसं नेलं ते तिनं मला सांगितलं, तिच्या सासूकडून ऐकलेलं. त्याचं नाव देवजी. बायकोचं नाव भागी. देवजी आमच्या तुकड्याला पाटाचं पाणी मागायचा. एकदा नाही, सारखा. चारचौघांत मागायचा. खाली मान घालून मागत नव्हता. पुढे बंधारा फुटला तेव्हा त्याला घरातून ओढून नेलं. कमरेला दोर बांधून. तो ओरडत होता. भागी मागे धावत गेली, तिला काठीनं हाणलं. तेव्हा तिला दिवस गेलेले होते.

आजी म्हणाली, "तो पानी मांगे. म्हनीसन त्याले पानीमा टाकं. इसरू नको."

भागी त्या गावात राहिली नाही. मोठा मुलगा दिरापाशी ठेवून ती उगवतीकडे चालत गेली. पोटातल्या लेकरासकट. पुढे तिचं काय झालं ते आजीला माहीत नव्हतं. मोठा मुलगा राहिला, त्याचे आम्ही. आणि तेव्हापासून आमच्या घरात मुलांना करदोडा बांधत नाहीत. पोर जन्मलं की सगळे कमरेला काळा दोरा बांधतात. आम्ही नाही. आमच्या माणसाची कमर एकदा बांधली, ती पुरे.

मी बाबांना विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं?" बाबा भाकरीचा तुकडा हातात धरून बसून राहिले. त्यांना माहीत होतं. सगळं माहीत असून ते दरवर्षी हात जोडत होते. त्या वेळी मला बाबांचा राग आला. आता येत नाही. आता तो राग जिथे जायला हवा तिथे जातो.

बाबा गेले. त्यानंतर ती रीत आपोआप थांबली. कोणी थांबवली नाही, दोर बांधून घ्यायला माणूस उरला नाही म्हणून थांबली. माझा धाकटा भाऊ प्रकाश तेव्हा सुरतेला कामाला होता. मी एसटीत वाहक म्हणून लागले. जळगाव आगार. लग्न झालं, मुलगी झाली. आजीची गोष्ट मी मुलीला सांगितली. ती म्हणाली, "आई, पण पुरावा काय?" शाळेत शिकवतात तसं तिनं विचारलं. माझ्याकडे फक्त आजीचं सांगणं होतं.

मग नशिराबादला एका ओळखीच्या घरी बारशाला गेले होते. पाहुण्यांतल्या एक बाई, बाळाच्या वडिलांची आई, त्याला मांडीवर घेऊन तेल लावत होत्या. कोणीतरी काळा दोरा आणून दिला. त्या म्हणाल्या, "नको. आमच्यात करदोडा बांधत नाहीत."

मी चहाचा कप खाली ठेवला.

मी विचारलं, "का बांधत नाहीत?" त्या म्हणाल्या, "काय माहीत. पहिल्यापासून नाही. आमच्या आबांना विचारा, रावेरला असतात."

सुट्टी घेऊन रावेरला गेले. आबा म्हणजे त्या बाईंचे चुलत सासरे. म्हातारे, कमरेत वाकलेले. सगळं आयुष्य केळीचे घड ट्रकवर चढवण्यात गेलेलं. मी कोण, कुठली, काहीच आधी सांगितलं नाही. फक्त विचारलं, तुमचं घराणं इथलंच का?

ते म्हणाले, "नाही. आमची बुढी सांगे का एक बाई नदी सोडून आली. पोटुशी होती. तिच्या मानसाला दोर बांधून पान्यात टाकलं."

"नाव काय तिचं?"

"भागाबाई."

मी रडले नाही. अंगात आग भरली होती. दोन घराणी. मध्ये सगळा खानदेश. एकमेकांचं तोंड कोणी पाहिलेलं नाही. आणि दोन्हीकडच्या म्हाताऱ्या बायकांनी एकच गोष्ट पिढ्यान् पिढ्या पोरांच्या कानात घालून ठेवली. त्यात मान कुठेच नव्हता. मी आबांचं बोलणं मोबाइलमध्ये भरून घेतलं. नंतर गावोगावच्या आमच्या म्हाताऱ्यांकडे गेले. आत्या, मावश्या, चुलत आज्या. काही जणी बोलल्या. काही म्हणाल्या, "जाऊ दे, आता काय त्याचं." त्यांनाही मी पुन्हा पुन्हा विचारलं.

त्याच वर्षी गावातून फोन आला. पाटलाचा नातू. पुण्यात इंजिनिअर आहे, गावात त्याला भाऊसाहेब म्हणतात. बोलायला गोड.

"ताई, आपण बंधाऱ्याला नवा कठडा बांधलाय. तुमच्या पूर्वजांचं स्मारक करतोय. मोठा दगड बसवलाय. उद्घाटनाला तुम्ही हवंच. आणि ती जुनी परंपराही दाखवू. पाण्यात बुडवणं वगैरे नाही हां, आता तसं चालत नाही. फक्त प्रतीकात्मक. प्रकाशदादा तयार आहेत."

मी म्हटलं, "दगडावर काय लिहिलंय?"

त्यानं वाचून दाखवलं. गावाच्या कल्याणासाठी स्वखुशीने प्राणार्पण करणाऱ्या समाजबांधवास विनम्र अभिवादन.

"नाव?"

"नाव कोणाला माहीत नाही ना, ताई."

"देवजी."

तो मग म्हणाला, "आता दगड कोरून झालाय."

मी प्रकाशला फोन केला. तो सुरतेहून परत आला होता, गावात तोच तुकडा कसत होता. तो चिडला. "तू जळगावले ऱ्हास. माले आठे ऱ्हानं शे. पाट त्यासना हात मा शे. एक दिवस दोर बांधी लिसू, काय मरी जासू का?"

त्याचं चूक नव्हतं. म्हणूनच जास्त राग आला. इतक्या वर्षांनी तेच पाणी आणि तोच दोर.

मी गेले. मंडप, खुर्च्या, वर घिरट्या घालणारा ड्रोन. व्यासपीठावर मधल्या खुर्चीत पाटलाचा तो मुलगा. बाबांचं डोकं दाबून धरणारा. आता म्हातारा झालाय, गावात त्यालाही आबा म्हणतात. मला बघून म्हणाला, "ये पोरी, ये. तुन्हा बाप भला मानूस व्हता."

ढोल सुरू झाला. प्रकाशला आणलं. कपाळाला गुलाल, गळ्यात हार आणि कमरेला दोर. नवा कोरा, पांढरा, सजवलेला. लोक मोबाइल वर करून व्हिडिओ काढत होते. प्रकाशनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. हुबेहूब बाबांसारखी.

दगडावरचा पडदा मी ओढायचा होता. मी ओढला नाही. माइक हातात घेतला.

"त्याचं नाव देवजी होतं," मी म्हटलं. "तो स्वखुशीने आला नाही. त्याला इथे बांधून आणलं आणि मारलं. कारण तो पाणी मागत होता."

ढोल थांबला. भाऊसाहेबानं कोणालातरी खूण केली. माइक बंद पडला. मी खाली ठेवला. भरलेल्या एसटीत मागच्या बाकापर्यंत तिकीट विचारते मी. मला माइक लागत नाही. भागीचं सांगितलं. रावेरच्या आबांचं सांगितलं. करदोड्याचं सांगितलं. बाबांना पाण्यात कोणी किती वेळ दाबून धरलं होतं, तेही सांगितलं. त्या माणसाकडे बोट करून सांगितलं.

खालून कोणी ओरडलं, "खाली बसाडा तिले." दुसरा म्हणाला, "सन्मान कराले बलावं तर हाई मस्ती." भाऊसाहेब माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, इतकी वर्षं गाव एक आहे. कशाला घाण उकरता?"

मी म्हटलं, "घाण मी केलेली नाही."

तेवढ्यात मागे गलका झाला. वळून पाहिलं. प्रकाश दोराची गाठ सोडत होता. गाठ सुटत नव्हती. कोणी मदत केली नाही. आमचीच माणसं दूर उभी राहून बघत होती. शेवटी सुटली. त्यानं दोर खाली टाकला, हार काढून खुर्चीवर ठेवला आणि कोणाकडेही न बघता माझ्या बाजूला येऊन उभा राहिला.

पुढे जे व्हायचं ते झालं. आमच्या तुकड्याला पाणी मिळेना. प्रकाशचा कांदा वाळला. किराणावाला त्याच्याशी बोलेना. गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. मी पाण्यासाठी आणि दगडासाठी तहसीलला तक्रार दिली. प्रकाशला म्हटलं, "तुला त्रास होतोय, थांबू का?" तो म्हणाला, "आते थांबनी तं मी तुन्हासंगे बोलाव नही."

मग ग्रामपंचायतीत बैठक बोलावली. तहसीलचे साहेब लोक आले म्हणून खुर्च्या मांडल्या. पाटलांचा आबा समोर. त्यानं मोठ्या मनानं सांगितल्यासारखं सांगितलं, "चाल, स्वखुशीने काढी टाकूत. नुसतं बलिदान ठेवूत. व्हयनं ना समाधान?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग काय लिखनं?"

"देवजीला मारलं. एवढंच लिहा."

"कोन मारं त्याले? कोनले म्हाईत?"

मी त्याच्याच बोलीत म्हटलं, "आबा, तुमना घरमा बी डोकऱ्या बाया व्हत्यात. त्यासनी बी काही सांगं व्हईच."

 आबानं माझ्याकडे पाहिलं नाही. चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्याला माहीत आहे. त्या घराण्यालाही पहिल्यापासून माहीत आहे. आमच्या बायकांनी सांगितलं आणि त्यांच्या बायकांनी झाकलं, फरक एवढाच.

साहेब म्हणाले, "बाई, थोडं तुम्ही सोडा, थोडं ते सोडतील."

मी काय सोडू? बलिदान नको. त्याग नको. प्राणार्पण नको. अभिवादन तर अजिबात नको. मला दोन शब्द हवेत. देवजीला मारलं. पुढच्या बैठकीला मी रावेरच्या आबांना घेऊन येणार आहे, आणि जी जी म्हातारी एसटीत चढू शकते तिला घेऊन येणार आहे. त्या दोन शब्दांतली एक मात्राही मी कमी करून घेणार नाही.