मळकं गाणं

संध्याकाळी आमच्या घरात गाणं लावायला बंदी होती. बाबा सहाला कामावरून यायचे, चपला काढायच्या आधी रेडिओ बंद करायचे आणि म्हणायचे, "पुरे ते. संध्याकाळी गाणं मळकं होतं." आणि पहाटे साडेपाचला हाच माणूस तोच रेडिओ मांडीवर घेऊन डोळे मिटून बसायचा, समोरचा चहा निवला तरी हलायचा नाही. सकाळी देवमाणूस, संध्याकाळी फौजदार.

यावर त्यांचा पक्का सिद्धांत होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ऐकावाच लागे. सकाळी म्हणे हवा धुतलेली असते, सूर सुटा येतो. दिवसभराचा धूर, धूळ आणि माणसांची बडबड साचली की सूर त्यात कालवला जातो. "बासरी तर संध्याकाळी वाजवूच नये," असं ते छातीठोकपणे सांगत. आई मान डोलवायची. मी मनातल्या मनात जळायची, कारण माझा गाण्याचा रियाज संध्याकाळीच असे. मी गायला बसले की बाबा उठून जिन्यात जाऊन बसत. आपल्या गाण्याला बापाच्या लेखी काडीची किंमत नाही, हे मी पंधराव्या वर्षी ठरवून टाकलं आणि पुढची दोन वर्षं त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

बाबा डब्यांच्या कारखान्यात प्रेसवर होते. पत्र्याची पट्टी पुढे सारायची, पायाने खटका दाबायचा, धाडकन झाकण पडायचं. मिनिटाला वीस-बावीस झाकणं, आणि शेजारी तशीच चौदा मशीनं. कंपनीने कानात घालायला बोळे दिले होते. पण ते घातले की पत्रा दुहेरी गेल्याचा आवाज कळत नाही आणि हात सापडतो. बोट तुटलं तर चारचौघांना दिसतं. कानाचं कोणाला काही दिसत नाही. म्हणून सगळ्यांनी बोटं सांभाळली आणि बोळे खिशात ठेवले.

मग एकदा कारखान्याची मोठी मोटर जळाली आणि काम नऊ दिवस बंद पडलं. सातव्या दिवशी संध्याकाळी मी गायला बसले, बाबा सवयीने जिन्यात गेले. थोड्या वेळाने बघते तर दारात उभे.

"ती वरची जागा तू रोज अशीच घेतेस?"

"रोज."

"अशीच? एवढी स्वच्छ?"

मी हो म्हटलं. ते उंबऱ्यातच बसले. चेहरा पांढराफटक पडला होता.

"म्हणजे संध्याकाळीसुद्धा गाणं चांगलंच असतं," ते म्हणाले. "माझे कान त्या मशीनने नेले होते. सकाळपर्यंत परत यायचे, एवढंच."

त्या संध्याकाळी आणि पुढच्या दोन्ही संध्याकाळी मला येत होतं नव्हतं ते सगळं मी गायले. ते "परत एकदा" म्हणायचे. मी इतकी खूश होते की त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलंच नाही, याची मला आजही लाज वाटते.

"बाबा, सोडा ती नोकरी," मी म्हटलं.

"आणि खायचं काय, सूर?" आई म्हणाली.

बाबांनी पॅकिंगला बदली मागितली. सुपरवायझरने विचारलं, "कान दुखतो का?" दुखत नव्हता, तीच तर पंचाईत होती. बाबा पुन्हा प्रेसवर उभे राहिले. मला म्हणाले, "सहा वर्षं राहिलीत. मग तुझ्या सगळ्या संध्याकाळी माझ्या."

त्या सहा वर्षांत रेडिओचा आवाज वाढत गेला. साडेपाचला नीट ऐकू येईना, तसे ते पाचला उठू लागले, मग साडेचारला. कुठेतरी एखादी स्वच्छ वेळ शिल्लक असेल, असं त्यांना वाटत असावं. मी सकाळी त्यांच्यासाठी गाऊ शकले असते. पण मलाही नोकरी लागली होती, सकाळी घाई असायची, आणि निवृत्तीनंतर आहेच की सगळं, असं मी स्वतःला सांगत राहिले.

निवृत्त झाल्यावर ते म्हणाले, "आठ दिवस थांब. कान जरा विसावू देत." नवव्या दिवशी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्यासमोर खुर्चीवर बसले. मी गाऊ लागले. त्यांची नजर माझ्या तोंडावरून हलत नव्हती. समेवर मान बरोबर हलत होती, एकदाही चुकली नाही. मला भरून आलं. वाटलं, कान वाचले, थोडक्यात वाचले.

खिडकीतून ऊन त्यांच्या डोळ्यांवर यायला लागलं. मी गातगातच उठले आणि त्यांच्याकडे पाठ करून पडदा ओढला.

"थांबलीस का गं?" मागून बाबांनी विचारलं.

मी थांबले नव्हते.