नवरीला कसं कळलं?

माझ्या लग्नावर मी एक कथा लिहिली होती. कथेतली नवरी ‘मी’ म्हणूनच सगळं सांगते. अंतरपाटाआड ती हार धरून उभी आहे, मंगलाष्टकं चालू आहेत, आणि आत कोठीच्या खोलीत तिची विधवा काकू तोंडात पदर घालून रडते आहे. हे शेवटचं वाक्य लिहून मीच चार टिपं गाळली होती.

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. “कथा चांगली आहे. पण नवरी तर अंतरपाटामागं उभी. काकू आत रडतेय हे तिला कसं कळलं?”

मला रागच आला. आई गेल्यावर याच काकूनं मला लहानाचं मोठं केलं. तिचं मन मला नाही कळणार, तर कुणाला? तसं मी फणकाऱ्यानं बोलूनही दाखवलं.

ते शांतपणे म्हणाले, “तुम्हाला कळत असेल. पण गोष्ट नवरी सांगत असेल, तर तिला दिसलं तेवढंच लिहायचं. नाहीतर काकूलाच सांगू द्या.”

फोन ठेवला आणि लक्षात आलं, काकूला मी कधी विचारलंच नव्हतं.

आमच्याकडे विधवेला मांडवात येऊ नकोस असं तोंडावर कुणी म्हणत नाही. लाडू-शेवेच्या कोठीची किल्ली तिच्या हाती देतात. तुझ्याशिवाय भरवसा कुणावर नाही, म्हणतात. लग्न लागेपर्यंत ती आपली आत बसते आणि सगळ्यांचीच सोय होते.

रविवारी मलकापूरहून एसटीनं चिखलीला गेले, तिथून जीपनं गावी. काकू अंगणात तूर पाखडत होती. मी सरळच विचारलं, “काकू, माझं लग्न लागलं तेव्हा तू आत रडत होतीस ना?”

“काऊन व? तुयं लगन अन् मी रडत बसू?” तिनं सूप खाली ठेवलं. “खिडकीत उभी होती मी. मुठीत अक्षतीची जवारी होती. सारे टाकत तवा मीबी टाके. पन खिडकीले बारीक जाळी होती ना, माशा येऊ नये म्हून. सारी जवारी आतच पडे.”

“मग?”

“मंग काय? लाडवात जाईन म्हून वेचली.” आणि ती पुन्हा पाखडायला लागली.

मला तिथं बसवेना. मी तिला कथेत रडवून मोकळी झाले होते, आणि ती बिचारी जाळीपलीकडून मला आशीर्वाद देत उभी होती.

या उन्हाळ्यात माझ्या मुलीचं लग्न झालं. कोठीला कुलूप घालून किल्ली मी माझ्याच कमरेला खोचली. लाडू काही पळून जात नव्हते. काकूचा हात धरून तिला मांडवात आणलं. ती हात सोडवून घेत होती.

“लोकं काय म्हनतीन व? पोरीचं काही वाईट झालं त?”

“तुझ्या हातानं माझं कधी वाईट झालं?” मी म्हटलं.

पहिल्या ‘सावधान’ला तिनं मूठ उघडलीच नाही. दुसऱ्याला उघडली. पिवळी ज्वारी मुलीच्या केसांवर जाऊन पडली.

काकू रडत होती. या वेळी मी तिच्या शेजारीच उभी होते.