वान वैद्यांचा श्वास

नदीकाठच्या लिऊशी गावात वान मिंगताओ हे एकच वैद्य होते, आणि दुसरा कुणी नाही याचं त्यांना तिळमात्र दुःख नव्हतं. माणसाच्या देहात पाच बिऱ्हाडं असतात, असं ते रोग्यांना ऐकवायचे. हृदयात मन राहतं, ते घराचं मालक. यकृतात हुन राहतो, तो भटका जीव. रात्री स्वप्नात हिंडून येतो आणि पहाटे मुकाट्याने घरी परततो. फुफ्फुसात श्वासाला धरून बसलेला दुसरा जीव, प्लीहेत विचार आणि मूत्रपिंडात जिद्द. कुणाची जिद्द खचली की वैद्य मूत्रपिंडाला बोल लावायचे, कुणी फार विचार करायला लागलं की प्लीहेला. माणसाला सहसा दोष द्यायचे नाहीत, म्हणून तर ते लोकांना आवडायचे.

नाडी बघताना ते घड्याळाला हात लावत नसत. निरोगी वैद्याने आपल्या एका श्वासात रोग्याचे ठोके मोजावेत, ही त्यांच्या गुरूची शिकवण. चार-पाच पडले तर ठीक. कमी पडले तर अंगात थंडी शिरली, जास्त पडले तर उष्णता. वैद्याचा श्वास हाच तराजू. म्हणून रोज सकाळी दुकानाच्या फळ्या काढण्याआधी ते डोळे मिटून, श्वास लावून बसायचे. तेवढ्या वेळात घराला आग लागली तरी हाक मारायची नाही, असा बायकोला, त्साईफंगला, दंडक होता. ती म्हणायची, आग लागली तर मी आपली आधी बाहेर जाईन, तुझं तू बघ.

त्या वर्षी वसंतात पलीकडच्या गावातलं लग्न आटोपून येताना नाव उलटली. नवरा-बायको दोघंही नावेत होते. देवाची कृपा म्हणा नाहीतर नावाड्याची, सगळे वाचले. बुडाला तो लग्नघरचा आहेर. त्यातली बदकं तर आपली आपण पोहून घरी पोचली. वैद्यांच्या हाती एक बांबू लागला, त्याला धरून ते तरले. त्साईफंगला नावाड्याने अंबाड्याला धरून वर ओढलं. घरी आल्यावर वैद्यांनी ओला निळा कोट उतरवून वाळवला, पेटीच्या तळाशी कोंबला आणि नंतर त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

त्साईफंगची झोप मात्र उडाली. स्वयंपाक करताना गुणगुणायची तिची सवय गेली, जेवण गेलं, गालफडं बसली. शेजारच्या हौ आजी टोफू करायच्या आणि गावभरच्या घाबरलेल्या पोरांचे जीव हाका मारून परत आणायच्या. त्यांनी लगेच निदान केलं: हिचा हुन घाटावर पाण्यात राहिलाय. हिचा एखादा कपडा घ्यावा, तिन्हीसांजेला घाटावरून घरापर्यंत नावाने हाका मारत यावं, उंबऱ्यात बसून कुणी तरी ‘आली’ म्हणून ओ द्यावी, की झालं.

“हुन यकृतात राहतो,” वैद्य म्हणाले, “घाटावरच्या चिखलात नाही. बोंबलून तो परत येत असता, तर मी चाळीस वर्षं काढे कशाला उकळले असते?”

“पोट भरायला,” हौ आजी म्हणाल्या आणि टोफूचं ताट उचलून चालत्या झाल्या.

वैद्यांनी बायकोची नाडी पाहिली. एका श्वासात जेमतेम तीन ठोके. नदीची थंडी पार हाडात शिरली होती. त्यांनी सुंठ आणि दालचिनीचा काढा दिला. तिची जीभ लालभडक झाली, तोंड कोरडं पडलं, ती अंथरुणात तळमळू लागली. जीभ एक सांगत होती आणि नाडी दुसरंच. वैद्यांनी जन्मभर बोटांवर विश्वास ठेवला होता; त्यांनी सुंठ वाढवली. मग बचनागाचं विषारी, उष्ण मूळ घातलं, तेही शुद्ध करून, तासन्‌तास उकळून. ती दिवसेंदिवस वाळत चालली. ही आपल्या हातून जाणार, या विचाराने वैद्यांना घास गिळवेना. चाळीस वर्षांत लोकांच्या बायका वाचवल्या आणि आपल्याच बायकोपुढे हात टेकले, हे ते कुणाला सांगणार?

उन्हाळा आला तो नेहमीसारखा, कौलं तापवणारा. गावातली कुत्री सावली सोडेनात. आणि या अशा दिवसांत वान वैद्यांना सगळं गाव थंडीने पछाडलेलं सापडू लागलं. मास्तर खोकला घेऊन आले, त्यांना थंडी. नावाडी पाठीचं दुखणं घेऊन आला, त्याला थंडी. जो येई त्याला सुंठ आणि दालचिनी. लवकरच मास्तरांना तोंड आलं आणि शाळेत खाणाखुणांनी शिकवणं सुरू झालं. नावाड्याचा घोळणा फुटला. चहाच्या टपरीवर लोक म्हणू लागले की वैद्यांकडे जाताना सोबत कच्चा भात न्यावा, येईपर्यंत पोटात शिजून तयार.

शेवटी एका दुपारी हौ आजी आल्या. साधी चक्कर आली म्हणून त्यांनी औषध नेलं होतं. आता खालचा ओठ सुजून वांग्यासारखा झाला होता. त्यांना धड बोलता येत नव्हतं, पण तेवढ्यावरही त्यांनी वैद्यांच्या गुरूपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. वैद्य पुन्हा पुन्हा सांगत होते की तुमची नाडी मंद आहे, मी स्वतः मोजली.

आत त्साईफंग अंथरुणातून कशीबशी उठून गावाच्या पोळलेल्या तोंडांसाठी थंड मुगाचं पाणी करत होती. ती पळी हातात घेऊनच दारात आली आणि कितीतरी दिवसांनी हसली.

“म्हाताऱ्या, या उकाड्यात सगळ्या गावाला थंडी कशी रे भरेल?”

“नाडी खोटं बोलत नाही.”

“नाडी नसेल बोलत. पण मोजणारा?” तिने पळी खाली ठेवली आणि हात त्यांच्या छातीवर ठेवला. “हे बघ. बसल्या जागी धापा टाकतोयस. नाव उलटली त्या दिवसापासून तुझा श्वास असाच चाललाय. झोपेत तर भात्यासारखा, आणि मध्येच बांबू, बांबू म्हणून ओरडतोस. मी झोपले तर तुला हलवून जागं कोण करणार? म्हणून पडते आपली जागी.”

वैद्यांनी स्वतःच्या छातीवर तिच्या हाताशेजारी हात ठेवला. घाईघाईचे, आखूड श्वास. अशा एका श्वासात ठोके मावणार तरी किती? बैलाची नाडीसुद्धा मंदच लागली असती. तराजूच बिघडला होता, आणि ते बाजारभर माल जोखत सुटले होते. सकाळी डोळे मिटायला बसलं की पाणी दिसायचं, म्हणून त्यांनी ते बसणंही केव्हाच सोडलं होतं.

ते स्टुलावर टेकले. “तुझा अंबाडा पाण्याखाली गेलेला मी पाहिला,” ते म्हणाले. “वर आलेला पाहिला नाही. तू घरी आलीस, जेवायला वाढलंस, तरी मी अजून तिथेच तुला शोधतोय.”

हौ आजी सुजल्या तोंडाने काही तरी म्हणाल्या, ते कुणाला कळलं नाही. त्साईफंगला पुढे काय करायचं ते कळलं होतं. तिने पेटी उपसली, तळाचा निळा कोट काढला आणि झटकला.

“तुझा विश्वास आहे यावर?” वैद्यांनी विचारलं.

“आपली पोरगी विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली होती ना, तेव्हा मीच हाका मारून आणलं होतं तिला. तू नंतर आलास, काढा पाजलास आणि गावभर मिरवलास. मी काही बोलले नाही, तुझं पोट त्यावर चालत होतं.”

ओ द्यायला हौ आजींनी बसावं, असं ठरत होतं. आजींनी आपल्या ओठाकडे बोट दाखवलं, मग वैद्यांकडे दाखवलं, आणि मान फिरवली. तेव्हा वैद्यच उंबऱ्यावर बसले.

दिवस मावळताना घाटाकडून हाक आली. “शीथौ! घरी ये, शीथौ!” शीथौ म्हणजे दगड. आधीची पोरं जगली नाहीत म्हणून आईने वैद्यांचं दगड नाव ठेवलं होतं, यमाला हाव सुटू नये म्हणून. आई गेल्यानंतर त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. लोक दारात येऊन उभे राहिले. मास्तर होते, नावाडी नाकात कापूस घालून होता. चाळीस वर्षांची अब्रू गल्लीतून निळ्या कोटासोबत चालत येतेय, असं वैद्यांना वाटलं आणि कान गरम झाले. “शीथौ, पाणी थंड आहे, तिथे थांबू नकोस. मी घरी आहे रे. घरी ये.” तिचा आवाज जवळ येत गेला. ती मागे वळून बघत नव्हती, तसं बघायचं नसतं. उंबऱ्याशी येऊन ती थांबली.

“शीथौ आला का?”

वैद्यांनी तोंड उघडलं, पण आधी हुंदकाच आला. कान गरम होते ते तसेच राहिले. मग पोटातून, अगदी खालून, एक लांब श्वास वर आला, वसंतापासूनचा पहिला.

“आलो,” ते म्हणाले. “आलो गं.”

तिने कोट त्यांच्या खांद्यावर टाकला आणि शेजारी उंबऱ्यावर बसली. लोक आपापल्या घरी गेले. बऱ्याच वेळाने वैद्यांनी तिचं मनगट मागून घेतलं, डोळे मिटले आणि श्वास अगदी स्थिर होईपर्यंत वाट पाहिली. या वेळी मोजायला ते घाई करत नव्हते.

“तुझी नाडी छान आहे,” ते म्हणाले.

“होतीच,” त्साईफंग म्हणाली. तिने डोकं त्यांच्या खांद्यावर टेकलं आणि कोटाची बाही गालाखाली घेऊन तिथेच, उंबऱ्यावर, तिला झोप लागली.